तसबिरींतील खोली



मुलांचीं छायाचित्रें, प्रवासाचीं तिकिटें, कोणा आप्ताचें जुनें पत्र, असें कांहींबाहीं चिकटवून ठेवण्याची वही आपल्यापैकीं पुष्कळांनीं हाताळली असेल. ती चिकटवही आतां संगणकाच्या पडद्यावरहि तयार होते. तेथें खळ लागत नाहीं, कात्री लागत नाहीं. परंतु पानावर छायाचित्र ठेवून त्याभोंवतीं चौकट रेखाटली, म्हणजे एक उणीव तात्काळ डोळ्यांत भरते. सारें सपाट दिसतें! मग करणारा चौकटीच्या उजव्या आणि खालच्या कडेस एक पुसट सावली घालतो, आणि चित्र कागदापासून वर उचलल्यासारखें भासूं लागतें. ही खोली मुळांत आली कोठून, हें आज पाहावयाचें आहे.

दिनांक 19 ऑगस्ट 1839 रोजीं पॅरिस येथें लुई दागेर यांची छायाचित्रणाची कृति जगापुढें ठेवण्यांत आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तें चित्र उमटे; पण तें इतकें नाजूक कीं, बोट फिरवल्यानेंहि पुसून जावें. म्हणून त्यावर कांच बसवीत, आणि कांच चित्रास टेकूं नये यासाठीं मधोमध खिडकी कापलेला पितळेचा पातळ पत्रा घालीत. त्या लहानशा अंतरामुळें आंतील चेहरा जणूं खिडकीच्या पलीकडून पाहत आहे असें वाटे. ही शोभा कोणीं मुद्दाम योजलेली नव्हती. ती संरक्षणाच्या पोटीं जन्मली होती.

पुढें छायाचित्र कागदावर आलें. 1854 मध्यें दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकारानें भेटपत्रिकेएवढ्या छायाचित्रांचा हक्क नोंदविला, आणि लौकरच तीं ठेवण्यासाठीं जाड पानांचे संग्रह निघाले. पानांत खिडक्या कापलेल्या असत. चित्र त्यांत सरकवावयाचें. भिंतीवरच्या तसबिरींत हेंच काम पुठ्ठ्याच्या माउंटनें केलें. त्याची आंतली कड तिरकस कापीत, म्हणजे एका बाजूस ती उजेड झेली आणि दुसऱ्या बाजूस किंचित् काळवंडे. मुंबईकोंकणच्या पावसाळ्यांत या पुठ्ठ्याचें मोल विशेष. दमट हवेंत कांचेला टेकलेलें छायाचित्र तिला चिकटून बसतें, आणि सोडवूं गेल्यास चेहऱ्याचा पापुद्राच कांचेबरोबर निघून येतो.

आपल्याकडील स्त्रियांनीं खोली निराळ्याच मार्गानें साधली. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्यें मुंबईस निघाला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील लक्ष्मीसरस्वतींचीं रंगीत चित्रें घरोघरीं पोंचलीं. कित्येक घरांत देवीच्या छापील लुगड्यावर खरें वस्त्र, जर आणि टिकल्या लावून मग ती तसबीर कांचेआड बसवीत. ही खोली बोटाला लागणारी होती.

उलट, केवळ डोळ्याला फसविणारी खोलीहि जुनीच आहे. स्पेनमधील चित्रकार पेरे बोरेल देल कासो यांनीं 1874 मध्यें एक मुलगा चौकटींतून बाहेर पडत असल्याचें चित्र काढलें. त्यांतली चौकटसुद्धां रंगविलेलीच आहे! संगणकाची कला याच घराण्यांतली. फोटोशॉप ही संगणकप्रणाली 1990 मध्यें बाजारांत आली. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तींत एकावर एक पारदर्शक थर रचण्याची सोय झाली. तेव्हां सावली हातानेंच करावी लागे: चित्राच्या आकाराची प्रत घ्यावी, ती काळी भरावी, कडा धूसर कराव्या आणि थोडी बाजूस सरकवावी. 1998 च्या पांचव्या आवृत्तीनें हें काम आपोआप होऊं लागलें. सावली अरुंद आणि गडद ठेवल्यास चित्र कागदास टेकलेलें दिसतें, रुंद आणि फिकट केल्यास उचललेलें. तीच सावली चौकटीच्या आंतील कडेनें चित्रावर पाडली, तर चित्र खोल गेलेलें दिसतें. जुन्या माउंटचीच ही नक्कल होय.

डोळा मात्र या खेळांत एक अट घालतो. प्रकाश कोणत्या बाजूनें येतो असें आपण मानतों, त्यावर उंचवटा दिसणार कीं खळगा हें ठरतें, असें डेव्हिड रिटनहाउस या अमेरिकन ज्योतिर्विदानें 1786 मध्येंच मांडलें होतें. आपलें मन प्रकाश वरून आणि एकाच दिशेनें येतो असें गृहीत धरतें, हें भारतांत जन्मलेले शास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन् यांनीं 1988 मध्यें प्रयोगांनीं दाखविलें. म्हणून एका पानावरील सर्व चौकटींच्या सावल्या एकाच दिशेस पडावयास हव्यात. एक डावीकडे नि दुसरी उजवीकडे गेली, कीं पान खोटें वाटूं लागतें.

एक गोष्ट सांगून आपली रजा घेतों. पितळेच्या पत्र्यानें आणि पुठ्ठ्यानें राखलेलें अंतर चेहऱ्यांचें रक्षण करीत होतें. पडद्यावरच्या सावलीनें त्या अंतराचें रूप घेतलें, काम घेतलें नाहीं. तिच्या आड कांहींच सुरक्षित नसतें. तेव्हां पान हौसेनें सजवावें, पण त्याआधीं मूळ छायाचित्राची न सजविलेली प्रत दोन वेगळ्या ठिकाणीं जपून ठेवावी. आणि घरांतील जुनी तसबीर एकदां खालीं उतरवून पाहावी. आजीच्या चेहऱ्याला कांच टेकली असेल, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वीं मध्यें पुठ्ठा घालून घ्यावा.