माजी विद्यार्थ्यांची खबरबात

अमेरिकेतल्या जुन्या खासगी शाळांच्या नियतकालिकांत शेवटची बरीच पाने माजी विद्यार्थ्यांच्या ख्यालीखुशालीसाठी राखलेली असतात. १७७८ साली स्थापन झालेली अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी आणि १७८१ मधली एक्झेटरची शाळा यांनी ही प्रथा आजवर चालवली आहे. प्रत्येक तुकडीचा एक चिटणीस असतो. नोकरी, लग्न, बदली, नातवंडे अशा बातम्या तो सोबत्यांकडून मागवतो. त्यामागे जिव्हाळा असतो, तशी देणग्यांवर नजरही असते, कारण या शाळांचा डोलारा बराचसा माजी विद्यार्थ्यांच्या पैशावर उभा आहे. आणि लिहितात बहुधा तेच, ज्यांचे बरे चाललेले असते.

मुलींना प्रवेश मिळाल्यावर (एक्झेटरला १९७० मध्ये, अँडोव्हरला १९७३ मध्ये, शेजारची ॲबट अकॅडमी विलीन झाल्यावर) माहेरचे आडनावही छापणे गरजेचे ठरले, नाहीतर जुनी मैत्रीण ओळखायची कशी?

विद्यापीठांत हार्वर्डचे अहवाल प्रसिद्ध आहेत. दर पाच वर्षांनी निघणाऱ्या लाल बांधणीच्या या पुस्तकात ज्याने त्याने स्वतःची हकीकत लिहायची असते. १९६२ च्या तुकडीच्या पन्नाशीच्या अहवालात, २०१२ साली, पत्रबॉम्बने तिघांचा जीव घेणाऱ्या टेड काझिन्स्कीचीही नोंद आली. व्यवसाय ‘कैदी’, आणि पुरस्कारांच्या रकान्यात आठ जन्मठेपा. संपादकांनी ती छापली. टीका झाल्यावर माजी विद्यार्थी संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली.