वणव्यापुढची हिरवी डहाळी

भंडारा म्हटले की लोकांना तळी आठवतात, पितळेची भांडी आठवतात, धानाच्या बांध्या आठवतात. ऐन दिवाळीत आगीची गोष्ट कशाला, असे आपण म्हणाल. पण तळ्यांच्या या मुलुखाला दर उन्हाळ्यात वणव्याशी झुंजावे लागते, आणि त्या झुंजीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून मी लेखणी उचलली.

भंडारा ज्यात मोडत असे, तो मध्य प्रांत १८६१ साली झाला. पुढच्या काही वर्षांत पिअर्सन या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातील बोरीच्या जंगलात वणवा रोखून दाखवला. गवत-पाचोळा काढून मोकळे पट्टे राखायचे, म्हणजे आग तिथवर येऊन उपाशी मरते. याच जाळरेषा.

१९२७ च्या वन कायद्याने गावकऱ्यांनाही बांधून घेतले. सरकारी जंगलात ज्याची गुरे चरतात, जो तिथून लाकूडफाटा आणतो, त्याने आग विझवायला धावलेच पाहिजे. नाही तर महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही! शिवाय राखीव जंगलात कोणी जाणूनबुजून आग लावली, तर तिथले चराईचे नि वनोपजाचे हक्क सरकारला स्थगित करता येत. काडी एकाची, उपास साऱ्या गावाला.

मला विचाराल तर माणसे धावतात ती पोटासाठी. चैत्रात मोहफुले, पुढे तेंदूपाने. जंगल जळाले की घरची चूल विझते. गंमत अशी, की आगही पुष्कळदा पोटापायीच लागते. मोहाखालचा पाचोळा जाळला की फुले वेचणे सोपे, अन् जळल्या जागी तेंदूला पालवी चांगली फुटते, असा समज. लावणारा नि विझवणारा हात कधी कधी एकाच घरातला!

विझवायचे साधन म्हणजे हिरवी डहाळी. वारा पाहून आगीच्या कडेने झोडपत जायचे. आज उपग्रह वर्दी देतात, पाचोळा उडवणारी यंत्रेही आली. तरी ज्वाळेसमोर माणूसच उभा राहतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर गेले. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत नागझिरा भंडारा जिल्ह्यातच होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. एके काळी धाकाने लादलेले काम आता हक्काचे झाले. त्या हक्काला जागून गावाने मोहाखाली काडीऐवजी खराटा धरावा, आणि डहाळी घेऊन आगीत शिरणाऱ्याच्या मुलाबाळांची तजवीज सरकारने आधीच करून ठेवावी.