समुद्र एका दिवसासाठी बंद कसा करतात? डनरेव्हनची तक्रार आणि १८९६ चा कायदा

१२ सप्टेंबर १८९५. न्यूयॉर्क बंदराबाहेर, सँडी हुकच्या पुढच्या मोकळ्या समुद्रात दोन प्रचंड शिडाच्या नौका प्रारंभरेषेकडे निघाल्या आहेत. एक अमेरिकेची ‘डिफेंडर’, दुसरी ब्रिटनची ‘व्हॅल्किरी तिसरी’. अमेरिका चषकाची ही तिसरी लढत. इशारा होतो, दोन्ही नौका रेषा ओलांडतात आणि लगेच व्हॅल्किरी वळून बंदराची वाट धरते. डिफेंडर उरलेले अंतर एकटीच कापते आणि चषक अमेरिकेत राहतो.

अटलांटिक ओलांडून आलेला, एका नौकेवर अमाप पैसा ओतलेला माणूस सुरुवातीच्याच रेषेवरून माघारी का फिरला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण शर्यतीच्या इतिहासातून कायद्याच्या इतिहासात जातो. आज अमेरिकेत कुठल्याही नदीवर वा खाडीत नौकास्पर्धा असली की काही तासांपुरते ते पाणी इतर नौकांना बंद केले जाते. त्या बंदीचे मूळ या गोंधळाच्या आसपास सापडते.

थोडी पार्श्वभूमी. १८५१ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील आइल ऑफ वाइट बेटाभोवती झालेली शर्यत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने जिंकली. तिच्याच नावावरून चषकाला नाव पडले. देशावरून पडले हा समज चुकीचा आहे. पुढे चषक न्यूयॉर्क यॉट क्लबच्या ताब्यात गेला आणि १८७० पासून तो परत नेण्यासाठी आव्हानवीर न्यूयॉर्कला येऊ लागले. शर्यत श्रीमंतांची होती, पण ती पाहण्याची हौस साऱ्या शहराला होती. क्रीडांगणाला भिंत असते, तिकीट असते, दरवाजा असतो. समुद्राला यांतले काहीच नसते. ज्याच्याकडे तरंगणारे काही असेल, तो पहिल्या रांगेत.

त्यामुळे शर्यतीच्या दिवशी सहलीच्या आगबोटी प्रवाशांनी ओसंडून निघत. त्यांच्या जोडीला जहाजे ओढणाऱ्या टग, धनिकांच्या खासगी वाफेच्या यॉट आणि लहानमोठ्या होड्या. आगबोटीच्या कप्तानाचे गणित सरळ होते. तिकीट काढलेल्या माणसाला जवळून दृश्य हवे, आणि जो कप्तान अधिक जवळ नेईल त्याच्या बोटीला पुढच्या वेळी अधिक गिऱ्हाईक.

हे जवळ येणे शिडाच्या नौकेला दोन प्रकारे मारक ठरते. पहिला प्रकार उघड आहे: आगबोट मागे जी लाट सोडते तिने नौकेचा वेग मोडतो, शिडे फडफडतात, सुकाणू धरणाऱ्याचा अंदाज चुकतो. दुसरा प्रकार कमी लक्षात येतो. उंच आगबोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहिली की तिच्या आडोशाला वारा तुटतो, आणि शिडाच्या नौकेचे सारे बळ तर वाऱ्यातच असते. गर्दीतली एक बोट चुकीच्या जागी आली तर निकाल फिरू शकतो, आणि तो कुणाच्या बाजूने फिरेल हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रेक्षकांना स्वतःलाही धोका होता. नौका डावीकडून गेली की बोटीवरचे शेकडो लोक एकाच वेळी डाव्या कठड्याकडे धावतात, आणि वरचे मजले भरलेली बोट तेवढ्याने कलते. १९१५ मध्ये शिकागो नदीत ‘ईस्टलँड’ नावाची सहलीची आगबोट धक्क्याला बांधलेली असतानाच आडवी झाली आणि ८४४ जणांचा जीव गेला. तिचा शर्यतीशी संबंध नव्हता. पण माणसांनी भरलेली, वरून जड झालेली बोट किती सहज उलटते हे तिने दाखवले.

आता पुन्हा १८९५ कडे. व्हॅल्किरीचा मालक लॉर्ड डनरेव्हन हा आयर्लंडमधला उमराव. १८९३ मध्ये तो ‘व्हॅल्किरी दुसरी’ घेऊन आला होता आणि तिन्ही शर्यती हरून परतला होता. या वेळी समोर होती नथॅनिएल हेरेशॉफ या विलक्षण अभिकल्पकाची डिफेंडर. तिचा वरचा भाग वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचा आणि तळ ब्राँझचा. (खाऱ्या पाण्यात हे दोन धातू जवळ ठेवले की ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. डिफेंडर १९०१ मध्ये मोडीत निघाली. पण तिला जिंकायचे होते ते एका उन्हाळ्यापुरते.)

७ सप्टेंबरची पहिली शर्यत डिफेंडरने जवळजवळ नऊ मिनिटांच्या फरकाने जिंकली. गर्दीचा त्रास तेव्हाही झाला होता. खरा अपघात घडला तो १० तारखेला. दोन्ही नौका प्रारंभरेषेकडे येत असताना ‘योसेमिटी’ नावाची आगबोट मध्ये आली. तिला वळसा घालून दोन्ही नौका पुन्हा एकमेकींजवळ आल्या त्या फारच जवळ. व्हॅल्किरीच्या शिडाचा खालचा लांब सोट डिफेंडरच्या डोलकाठीला आधार देणाऱ्या तारेत अडकला, तार निसटली आणि डोलकाठीचा वरचा भाग तडकला. डिफेंडरने निषेधाचा ध्वज उभारला आणि तशाच जखमी अवस्थेत शर्यत पुरी केली. व्हॅल्किरी ४७ सेकंदांनी पुढे राहिली, पण समितीने टकरीचा दोष तिच्यावर ठेवून तिला बाद केले.

डनरेव्हनने समितीला कळवले की प्रेक्षकनौकांपासून मार्ग मोकळा राखण्याची हमी नसेल तर आपण पुढची शर्यत करणार नाही. हमी मिळाली नाही. म्हणून १२ तारखेला त्याने रेषा तेवढी ओलांडली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शर्यत रीतसर पुरी करता यावी, आणि तो परतला.

क्लबने हमी का दिली नाही, हा खरा प्रश्न आहे. उत्तर असे की क्लबला ती देताच येत नव्हती. समितीत कितीही बडी माणसे असोत, समुद्रावर तिचा अधिकार शून्य होता. ती कप्तानांना विनंती करू शकत होती, एवढेच. आणि न्यूयॉर्कच्या पाण्यावर ‘हे पाणी आमचे’ असे म्हणण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न पूर्वी न्यायालयात आपटला होता. न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात आगबोटी चालवण्याचा मक्ता लिव्हिंगस्टन आणि फुल्टन यांना दिला होता. १८२४ च्या गिबन्स विरुद्ध ऑगडेन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. राज्यांमधील व्यापाराचे नियमन संघराज्याच्या हाती आहे आणि त्या व्यापारात नौकानयनही येते, असा तो निकाल. ज्या पाण्यावर राज्य सरकारचा मक्ता टिकला नाही, त्यावर एका खासगी क्लबची दोरी कशी टिकणार? तोडगा निघायचा तर तो वॉशिंग्टनहून.

डनरेव्हनने मात्र आपल्या बाजूची माती स्वतःच केली. पहिल्या शर्यतीआधी डिफेंडरवर गुपचूप जादा वजन चढवून तिची जलरेषा लांबवली होती, असा आरोप त्याने मायदेशी परतल्यावर जाहीरपणे केला. न्यूयॉर्क यॉट क्लबने चौकशी समिती नेमली. तिच्यात जे. पी. मॉर्गन होते आणि सागरी सत्तेचा सिद्धान्त मांडणारे आल्फ्रेड थेअर महान हेही होते. समितीने आरोप निराधार ठरवला आणि क्लबने डनरेव्हनचे मानद सदस्यत्व काढून घेतले. चषकाच्या इतिहासात डनरेव्हन आजही खोटा आरोप करणारा म्हणून ओळखला जातो. ते योग्यच आहे. पण त्या बदनामीत त्याची पहिली तक्रार झाकली गेली, आणि ती तक्रार पूर्णपणे खरी होती.

त्या माघारीला आठ महिने होतात न होतात तोच, १९ मे १८९६ रोजी, अमेरिकन काँग्रेसचा एक छोटासा कायदा झाला. त्याचे शीर्षक पाहण्यासारखे आहे: सहलीच्या आगबोटींवरील प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. यॉटमालकांच्या सोयीसाठी सार्वजनिक पाणी अडवायचे म्हटले असते तर लोकप्रतिनिधींना मतदारसंघात तोंड दाखवणे कठीण झाले असते. प्रवाशांचा जीव वाचवायचा म्हटल्यावर विरोध कोण करणार? कायद्याच्या कक्षेत मात्र आगबोटी, यॉट, वल्हेकरी, प्रेक्षक आणि स्पर्धक सारेच येत होते. वल्हेकऱ्यांचा उल्लेख उगाच नव्हता. हार्वर्ड आणि येल यांची न्यू लंडनची वल्ह्यांची शर्यतही अशीच गर्दी खेचत असे.

या कायद्याने अर्थमंत्र्याला एक अधिकार दिला: शर्यतीच्या दिवशी नियम पाळले जावेत म्हणून ‘रेव्हेन्यू कटर’ नौका धाडण्याचा. अर्थखाते आणि शर्यत यांचा मेळ विचित्र वाटेल. पण १७९० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने जकातचोरी रोखण्यासाठी उभारलेले हे सशस्त्र गस्ती दल अर्थखात्याचेच होते, आणि किनाऱ्यालगत कायद्याची अंमलबजावणी करू शकणारे बळ त्याच्याकडे होते.

कसोटी लागली १८९९ मध्ये. या वेळचा आव्हानवीर सर थॉमस लिप्टन, म्हणजे तोच चहावाला लिप्टन, ‘शॅमरॉक’ घेऊन आला. समोर ‘कोलंबिया’. गस्तीची सूत्रे नौदलाच्या कॅप्टन रॉब्ली इव्हान्सकडे होती. आदल्याच वर्षी सांतियागोच्या लढाईत ‘आयोवा’ ही युद्धनौका चालवलेला हा माणूस ‘फायटिंग बॉब’ म्हणून ओळखला जाई. दिमतीला रेव्हेन्यू कटर होते आणि नौदलाच्या वेगवान टॉर्पेडो बोटीही. विनंतीला न जुमानणारा कप्तान टॉर्पेडो बोट अंगावर येताना पाहून निमूट मागे सरकतो, यात नवल नाही. चार वर्षांपूर्वी अशक्य वाटलेली गोष्ट घडली आणि मार्ग मोकळा राहिला. लिप्टन तिन्ही शर्यती हरला, पण गर्दीमुळे हरलो असे म्हणायला त्याला जागा उरली नाही.

त्याच शर्यतीत तरुण मार्कोनी ‘पाँसे’ या जहाजावरून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’साठी बिनतारी संदेशाने वृत्त धाडत होता. प्रेक्षकाला समुद्रात न जाताही शर्यत कळण्याची ती सुरुवात. गर्दी त्यामुळे ओसरली मात्र नाही.

१८९६ च्या कायद्यात एक उणीव होती. त्याने गस्तीची नौका दिली, पण नियम कुणी करायचे आणि मोडणाऱ्याला काय शिक्षा, हे नीट बांधले नव्हते. २८ एप्रिल १९०८ च्या कायद्याने ते केले. शर्यती आणि जलमिरवणुकी यांच्या काळात जीवितरक्षणासाठी नियम जारी करण्याचा अधिकार वाणिज्य व श्रम खात्याच्या मंत्र्याला मिळाला. परवानाधारक कप्तानाने नियम मोडला तर त्याचा परवाना निलंबित किंवा रद्द. विनापरवाना नौका हाकणाऱ्याला ५०० डॉलरपर्यंत दंड. दंडाची रक्कम मालक भरू शकतो, परवाना गेला तर मात्र कप्तानाची भाकरीच जाते. कायदा करणाऱ्यांना बंदरातल्या माणसांची चांगली पारख होती, असे म्हणावे लागते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हडसन-फुल्टन उत्सवाची भव्य जलमिरवणूक निघाली.

१९१५ मध्ये रेव्हेन्यू कटर दल आणि जीवरक्षक दल एकत्र करून अमेरिकन तटरक्षक दल स्थापन झाले आणि यथावकाश हे सारे काम त्याच्याकडे आले. आजची पद्धत त्याच सांगाड्यावर उभी आहे. आयोजकाने आधी परवानगी मागायची. तटरक्षक दल राजपत्रात नियम छापते: कोणते पाणी, अक्षांश-रेखांशांसह, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. गस्तीचा एक प्रमुख नेमला जातो, त्याचा शब्द त्या पाण्यात अखेरचा. प्रेक्षकांसाठी वेगळा पट्टा, तिथे लाट उठणार नाही इतकाच वेग. शर्यत लवकर आटोपली तर पाणीही लवकर मोकळे करता येते.

नियम छापण्याआधी शक्य असेल तेव्हा लोकांची मते मागवली जातात, आणि या टप्प्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. मासेमाराचा एक दिवस, फेरीबोटीची एक खेप, टगवाल्याचे एक काम त्या तासांत बुडते. १८२४ च्या निकालाने मोकळे ठेवलेले पाणी खेळासाठी अडवायचे तर अडवणूक थोड्या क्षेत्राची आणि थोड्या वेळेची असली पाहिजे, हा आग्रह या टप्प्यातून टिकतो. चषकानेही पुढे न्यूयॉर्कची दाटी सोडली. १९३० पासून शर्यती ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला होऊ लागल्या.

गेल्या काही दशकांत भर पडली ती स्पर्धकांच्याच जिवाच्या प्रश्नाची. २०१३ ची चषकस्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, ७२ फुटी जोडनौकांवर झाली. स्पर्धेआधी, ९ मे रोजी, सरावात ‘आर्टेमिस’ संघाची नौका उलटून ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता अँड्र्यू सिम्पसन मरण पावला. त्यानंतर सुरक्षेच्या ३७ शिफारशी आल्या, वाऱ्याच्या वेगाची मर्यादा खाली आणली गेली आणि त्या तटरक्षक दलाच्या परवानगीशी जोडल्या गेल्या. सप्टेंबरमधील अंतिम लढतीत न्यूझीलंडचा संघ ८-१ ने पुढे होता. एक विजय, की चषक त्यांचा. तशातच वाऱ्याने मर्यादा ओलांडली म्हणून शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. अमेरिकन संघाला नौकेत सुधारणा करायला सवड मिळत गेली. २५ सप्टेंबर २०१३ रोजी तो संघ ९-८ ने जिंकला.