शाळेची आपत्ती योजना : मुले सोडायची की थांबवायची?

पनवेल शहर गाढी नदीकाठी वसले आहे. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली, की नदीचे पाणी ओसरण्यास वाट उरत नाही आणि ते सखल वस्त्यांत शिरते. जवळच तळोजा औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. शेजारच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. पूर, वायुगळती, आग आणि दरड अशा चारही धोक्यांचा विचार या परिसरातील शाळांना करावा लागतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पनवेललाही पुराचा तडाखा बसला. मुंबईत पावसाचा जोर दुपारी वाढल्याने असंख्य विद्यार्थी वाटेत अडकले, तर अनेकांनी शाळेतच रात्र काढली. रस्ते पाण्याखाली असताना शाळा सोडणे हे मुलांना थांबवून घेण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते, हा त्या दिवसाचा धडा होय.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या डिसेंबरमध्ये अस्तित्वात आला. तत्पूर्वी १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा बळी गेला होता. या दुर्घटनेच्या संदर्भातील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल देताना सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते.

योजनेत काय असावे?

* शाळा केव्हा सोडायची, हा निर्णय कोणी घ्यायचा आणि मुख्याध्यापक नसल्यास तो अधिकार कोणाकडे, हे लेखी ठरलेले असावे.
* प्रत्येक मजल्यावर बाहेर पडण्याच्या मार्गाचा नकाशा लावावा. जिन्यात सामान ठेवू नये आणि दारांना कुलूप नसावे.
* भूकंपात प्रथम बाकाखाली आश्रय घ्यावा आणि हादरे थांबल्यावरच मैदानात जावे.
* वायुगळती झाल्यास मैदानात न जमता खिडक्या-दारे बंद करावीत, नाकातोंडावर ओला रुमाल धरावा आणि प्रशासनाच्या सूचनेची वाट पाहावी.
* पुराच्या वेळी मुलांना वरच्या मजल्यावर न्यावे. पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, विजेऱ्या व प्रथमोपचार पेटी तेथेच असावी.
* मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे, याची यादी प्रत्येक वर्गशिक्षकाकडे असावी. हजेरी घेतल्याखेरीज व सही घेतल्याखेरीज एकही मूल सोडू नये.
* अपंग विद्यार्थ्यांसाठी मदतनीस आधीच नेमावेत.

आग आणि वायुगळती यांत करावयाच्या कृती परस्परविरुद्ध आहेत. त्यामुळे दोन्हींसाठी एकच घंटा ठेवल्यास गोंधळ उडतो. वेगवेगळे इशारे ठरवून त्यांची रंगीत तालीम घ्यावी. एखादी तालीम पूर्वसूचनेविना, मधल्या सुट्टीतही घ्यावी, कारण त्या वेळी वर्गशिक्षक मुलांजवळ नसतात.

पालकांनीही शाळेला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : मागील तालीम कधी झाली? आणि रस्ते बंद झाले तर आमचे मूल कोठे असेल? आपत्कालीन मदतीसाठी ११२, अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक मुलांना पाठ असावेत.