कादंबरीचें पुनर्वाचन

मराठींत ‘कादंबरी’ हा शब्द ज्या अर्थानें रूढ आहे, तो अर्थ संस्कृतांत नाहीं. संस्कृतांत कादंबरी म्हणजे एक मद्य, आणि दुसरें म्हणजे बाणभट्टाच्या कथेंतील गंधर्वकन्या. एका नायिकेचें नांव साऱ्या वाङ्मयप्रकारास लागावें, ही गोष्ट मराठींत आणि कानडींत घडली. ज्या ग्रंथाचें विशेषनाम असें सामान्यनाम होतें, तो लोकांनीं एकदां वाचून फडताळांत टाकलेला नसतो, एवढें अनुमान करण्यास हरकत नसावी.

शृंगारकथा थोड्या नाहींत. परंतु नायक-नायिकेचा विवाह झाला कीं बहुतेक कथांचें काम संपतें. कुतूहल शमलें म्हणजे वाचक मोकळा होतो. बाणाची कथा तेराशें वर्षें पुनः पुनः वाचली गेली, ती कोणत्या गुणावर? शब्दवैभवावर, असें उत्तर पाठशाळेंत मिळतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. शब्दवैभव सुबंधूच्या वासवदत्तेंतहि आहे, आणि श्लेष तर तेथें अधिकच. तरी वासवदत्ता पंडितांनीं फोडून पाहिली, कादंबरी रसिकांनीं घोळून वाचली. वेबर या जर्मन पंडितास बाणाचें गद्य म्हणजे झुडुपें तोडीत वाट काढावी लागणारें अरण्य वाटलें. अरण्यांत प्रथमच शिरणाऱ्यास असें वाटणें साहजिक आहे. ज्यास पलीकडचें अच्छोद सरोवर ठाऊक आहे, त्यास तीच झुडुपें खुणेचीं होतात.

आरंभींचा प्रसंग पाहावा. विदिशेचा राजा शूद्रक सभेंत बसला असतां एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यांतून पोपट घेऊन येते. पोपट उजवा पाय उचलून राजाची स्तुति करितो. राजा तरुण आहे, रूपवान् आहे, तरी स्त्रियांविषयीं उदासीन आहे, असें कवि जातां जातां सांगून ठेवितो. पहिल्या वाचनीं हें सारें राजसभेचें नेहमींचें वर्णन भासतें. मग पोपटाची कथा, तिच्या पोटांत जाबालि ऋषींची कथा, तिच्या पोटांत महाश्वेतेची कथा, अशी एकांत एक गुंफण होत जाते, आणि अगदीं शेवटीं कळतें कीं शूद्रक म्हणजेच चंद्रापीड, म्हणजे शापानें भूलोकीं उतरलेला प्रत्यक्ष चंद्र. पोपट म्हणजे त्याचा जिवलग मित्र वैशंपायन, आणि वैशंपायन म्हणजे महाश्वेतेच्या विरहानें मेलेला पुंडरीक. ती चांडालकन्या कोण? पुंडरीकाची माता लक्ष्मी. म्हणजे त्या पहिल्या सभेंत दोन मित्र समोरासमोर आहेत आणि एकमेकांस ओळखीत नाहींत. आई समोर उभी आहे आणि कोणी तिला ओळखीत नाहीं. राजाच्या उदासीनतेचा अर्थहि आतां लागतो. हा प्रसंग खऱ्या अर्थानें वाचावयाचा तर ग्रंथ संपवून पुनः पहिल्या पानाकडे यावें लागतें. दुसरें वाचन ही येथें वाचकाची हौस नसून कथेचीच गरज आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. हें रहस्य उलगडतें तें उत्तरभागांत, आणि उत्तरभाग बाणाचा नव्हे. पत्रलेखा चंद्रापीडास कादंबरीचें बोलणें सांगत असतां पित्याची लेखणी थांबली. पुढील भाग पुत्रानें पुरा केला. मग ही योजना पुत्राची कां न म्हणावी? उत्तर पूर्वभागांतच आहे. पोपटाकडे पाहून जाबालि म्हणतात कीं हा आपल्याच अविनयाचें फळ भोगीत आहे. तें वाक्य लिहितांना शेवटचा पडदा पित्याच्या मनांत होता, याविषयीं मला शंका वाटत नाहीं. शिवाय हाच कथातंतु बृहत्कथेच्या काश्मीरी रूपांतरांतूनहि, म्हणजे सोमदेवाच्या कथासरित्सागरांत, मकरंदिकेच्या कथेंत सांपडतो. पुत्रानें पित्याचा ग्रंथ इतक्या बारकाईनें वाचला होता कीं न लिहिलेलेंहि त्यास दिसलें. आपण हें काम कवित्वाच्या अभिमानानें केलें नाहीं, कथा अपुरी राहिल्यानें सज्जनांस दुःख होत होतें म्हणून केलें, असें तो आरंभीं सांगतो. या पहिल्या पुनर्वाचकाचें नांव मात्र हस्तलिखितें एकमुखानें सांगत नाहींत: कोठें भूषण, कोठें पुलिंद, कोठें पुलिन. धारेच्या धनपालानें तिलकमंजरीच्या प्रारंभीं बाणावर श्लेष करितांना ‘पुलिंध्र’ शब्द साधला आहे, तो या वादांत जमेस धरण्याजोगा पुरावा आहे.

धनपालाची तिलकमंजरी ही स्वतःच कादंबरीच्या वाचनांतून उपजलेली कथा. त्यापूर्वीं काश्मीरांत जयंतभट्टाचा पुत्र अभिनंद यानें कादंबरीकथासार पद्यांत लिहिलें. दहाव्या शतकाच्या अखेरीस नागवर्म्यानें ती कानडींत चंपूरूपानें आणिली. पाटणच्या भालणानें गुजरातींत आख्यान केलें. अकबराच्या दरबारांतील जैन साधु भानुचंद्र यानें पूर्वभागावर टीका रचिली आणि त्याचा शिष्य सिद्धिचंद्र यानें उत्तरभागावर. पुढें जहांगीरानें साधुत्व सोडून विवाह कर म्हणून आग्रह केला असतां या सिद्धिचंद्रानें हद्दपारी पत्करली, पण व्रत मोडलें नाहीं. आणि कादंबरीच्या विरहाचा शब्दशब्द त्यानेंच उलगडून ठेविला! मुंबईस पीटर्सननें १८८३ सालीं संशोधित आवृत्ति काढली.

जुन्या वाचनाची रीत कशी होती, याचा साक्षीदारहि बाणच आहे. हर्षचरिताच्या तिसऱ्या उच्छ्वासांत सुदृष्टि नांवाचा पुस्तकवाचक वायुपुराण वाचावयास बसतो. तो पोथीचा दोरा सोडतो, ती बोरूच्या काड्यांच्या घडवंचीवर ठेवितो, सकाळीं जेथें वाचन थांबलें तेथें खुणेस घातलेलें पान उचलतो, आणि मागें बसलेल्या दोघां वेणुवादकांच्या सुरावर गाऊं लागतो. सातव्या शतकांतील वाचनखुणेची ही नोंद पोथ्यासंग्राहकांनीं जपून ठेवण्यासारखी आहे.

आमच्या भाषेनें या ग्रंथाचें नांव घेतलें. गुण किती घेतला? बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटनानंतर (१८५७) लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला १८६१ सालीं आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा १८६८ सालीं निघाली. या अद्भुतरम्य कथांनीं एका पिढीस वेड लाविलें. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ १८९० पासून करमणुकींत येऊं लागल्यावर तें वेड ओसरलें. राजवाड्यांनीं १९०२ सालीं ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला तेव्हां या प्रकाराची झडती घेण्याची वेळ आलीच होती. मंजुघोषा मीं दोनदां वाचली आहे. भाषा गोड, कल्पना उंच. पण शेवटच्या पानानें पहिल्या पानाचा अर्थ पालटत नाहीं. म्हणून ती जुनी झाली. तरीहि तिच्या जुन्या प्रती रद्दींत जातात हें मला सोसत नाहीं, कारण तिला कोणी कसें वाचलें हें त्या प्रतींवरूनच कळेल.

या बाबतींत माझा स्वतःचा अपराध सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं नदीकाठच्या एका गांवीं एका वैदिक घराण्यानें आपला बस्ता मजपुढें सोडला. त्यांत कादंबरीच्या पूर्वभागाच्या दोन पोथ्या होत्या. एक स्वच्छ, वळणदार अक्षराची, पानें अखंड. दुसरीचे कोपरे झडलेले, ठिकठिकाणीं हरताळ, समास दोन हातांच्या टिपांनीं भरलेले. एकच नेण्याची परवानगी होती. मीं स्वच्छ पोथी घेतली. उरलेला बस्ता पुढें त्या मंडळींनीं नदींत सोडला.

घरीं आणून पाठ ताडून पाहतां नेलेल्या पोथींत पंचविसाव्या पत्रानंतर एकहि दुरुस्ती आढळली नाहीं; उघड उघड चुका जशाच्या तशा होत्या. ती पुढें कोणी वाचलीच नव्हती. दुसरीच्या पहिल्या पत्रावर, शूद्रकाच्या नांवाशेजारीं समासांत, बारीक अक्षरांत ‘चंद्रः’ असें लिहिलेलें होतें. त्या वेळीं मला तें लेखणी चालवून पाहिल्यासारखें वाटलें होतें. माझ्या संग्रहींच्या पोथींत त्या जागीं समास कोरा आहे.