कुत्रा आवारातला की रस्त्यावरचा? १८३२ च्या मुंबईतला एक वाद

अमेरिकेत बऱ्याच घरांभोवती दिसेल असं कुंपण नसतं, तरी कुत्रा रस्त्यावर जात नाही. कारण हद्दीवर जमिनीत काही इंच खोल तार पुरलेली असते. घरातलं यंत्र त्या तारेतून कमी शक्तीचा रेडिओ संकेत सोडतं आणि कुत्र्याच्या गळपट्ट्यातला रिसीव्हर तो पकडतो. कुत्रा तारेजवळ आला की आधी बीप वाजतो, तरीही पुढे गेला तर विजेचा छोटा झटका बसतो. सुरुवातीला हद्दीवर छोटे झेंडे लावून त्याला हे शिकवावं लागतं. रिचर्ड पेक या अमेरिकन माणसाला १९७३ मध्ये याचं पेटंट मिळालं. वेल्समध्ये मात्र २०१० पासून झटका देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी आहे.

म्हणजे हे कुंपण फक्त आपल्या कुत्र्याला हद्द शिकवतं. बाहेरून आत येणाऱ्याला ते अडवत नाही. आता जरा मागे जाऊया, कारण मुंबईत एकदा नेमका याच मुद्द्यावरून भडका उडाला होता.

कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची मोहीम निघे. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ साली मोहिमेची मुदत वाढवली गेली. आता गंमत बघा: बक्षीस कुत्र्यामागे, मग तो मोकाट की पाळीव हे कोण बघणार? बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही घरांतून ओढून नेतात, अशी लोकांची तक्रार होती.

पारशांसाठी हा नुसता भूतदयेचा प्रश्न नव्हता. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्याला ‘सगदीद’ म्हणतात. ६ जून १८३२ ला फोर्टात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, त्यात हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले. दुकानं बंद झाली, छावणीकडे जाणारी रसद अडली, आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभा राहिला. ‘मारू नका, आम्ही सांभाळतो’ असं म्हणत लोकांनी कुत्र्यांसाठी स्वतःच एक आवार तयार केलं.

आज कायदा वेगळ्या दिशेने गेलाय. २००१ च्या नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी, रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पकडलं तिथेच परत सोडायचं ठरवलं. थोडक्यात, मालक नसलेल्या कुत्र्यालाही ‘आपली गल्ली’ मिळाली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा आवारांना याला अपवाद केलं: तिथली कुत्री परत सोडायची नाहीत, आणि आवाराला नीट कुंपण घालायचं. कुंपण पुन्हा चर्चेत आलं ते असं.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न जास्तच अवघड होतो. इथे बहुतेकांना अंगण नाही, सोसायटीचं सामाईक आवार आहे. त्या आवारात पट्ट्यातला कुत्राही फिरतो आणि गेटवरचा बिनमालकाचाही. पूर्वेला, काशीमिरा-घोडबंदरच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासांतून दिसलंय. अशा ठिकाणी पुरलेली तार कुत्र्याला आत ठेवेल. बिबट्याच्या गळ्यात मात्र पट्टा नसतो.

१८३२ मध्येही हेच झालं होतं. घरातला कुत्रा हद्द ओलांडून बाहेर गेलाच नव्हता. आठ आण्यांसाठी माणूस आत आला होता. म्हणून कुत्र्यांबद्दलचा कुठलाही नवा आदेश वाचताना मी आधी एवढंच शोधते: या हद्दीच्या आत येण्याचा अधिकार कुणाला दिलाय, आणि त्याला पैसे कशाचे मिळणार आहेत?