सुरुंगातले तेल, जिभेखालची गोळी

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपलीकडे, जेथून नार आणि पार या नद्या गुजरातच्या दिशेने उतरतात, त्या डोंगराळ पट्ट्यात सुरगाणा वसले असून १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत येथे देशमुखांचे छोटे संस्थान होते आणि नाशिकचा कलेक्टर त्याचा पोलिटिकल एजंट म्हणून काम पाहत असे. कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजांची वस्ती असलेल्या या मुलखात नागली-वरईचे शेत बहुधा उतारावर आणि पाणी खाली ओहोळात असते, त्यामुळे दिवसभराच्या कामात चढ काही चुकत नाही. ही भौगोलिक नोंद वैद्यकाच्या इतिहासात अप्रस्तुत नाही, कारण हृदयशूळाचे पहिले नेमके वर्णन चढाच्याच आधाराने झाले. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये वाचलेल्या आणि १७७२ मध्ये छापून आलेल्या निबंधात असे नोंदवले की काही माणसांना चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच, छातीत आवळल्यासारखी कळ येते आणि ती माणसे जागीच थांबली की कळ ओसरते. त्यांनी या विकाराला दिलेल्या ‘अंजायना’ या लॅटिन नावाच्या मुळाशी आवळण्याचाच अर्थ आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी लागणारा वाढीव प्राणवायू त्या पुरवू शकत नाहीत आणि उपाशी राहिलेला स्नायू दुखू लागतो, हे स्पष्टीकरण नंतरच्या काळातले आहे. मराठीत मात्र ‘छातीत कळ आली’, ‘छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले’ असे म्हणणारी माणसे हेबर्डनचेच वर्णन आपल्या शब्दांत करत असतात आणि पुष्कळदा त्या कळेला ‘गॅस’ किंवा ‘पित्त’ ठरवून मोलाचे तास घालवून बसतात.

हेबर्डनपाशी या कळेवर अफूखेरीज फारसे काही नव्हते. जे द्रव्य पुढे कामी आले ते जन्मले स्फोटक म्हणून. १८४७ मध्ये इटलीतील तुरिन येथे आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने ग्लिसरीनवर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची प्रक्रिया करून एक तेलकट द्रव मिळवला, त्याचा अंश जिभेला लावून पाहिला आणि डोके भयंकर ठणकते असे लिहून ठेवले. नायट्रोग्लिसरीन हेच ते तेल. ते हादऱ्यानेही फुटत असे. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील नोबेल कुटुंबाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल मृत्युमुखी पडला. त्यानंतर नोबेल यांनी ते तेल सच्छिद्र मातीत जिरवून १८६७ मध्ये डायनामाईटचे पेटंट घेतले आणि १८७५ मध्ये त्याचे जिलेटिनसारखे घट्ट रूप तयार केले.

नाशिक जिल्ह्याचे दार म्हणावे असा थळघाटाचा, म्हणजे आजच्या कसारा घाटाचा, लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला तेव्हा डायनामाईटचे पेटंटही निघाले नव्हते आणि त्या घाटातील पाषाण बंदुकीच्या दारूनेच फोडावा लागला. पुढच्या शतकात मात्र महाराष्ट्रात विहीर खोदणे आणि ‘जिलेटिनची कांडी’ हे शब्द जोडीने येऊ लागले. काळ्या पाषाणात पहारीने भोक पाडायचे, त्यात कांडी ठासून वात बाहेर सोडायची आणि सगळ्यांना लांब हाकलून मग बत्ती द्यायची, हे सुरुंगाचे काम खेडोपाडी वडार कारागिरांनी केले; आणि अशा कांड्या उघड्या हातांनी हाताळणाऱ्याचे डोके दिवसभर ठणकते हा जगभरच्या सुरुंगकामातला अनुभव होता. नायट्रोग्लिसरीन कातडीतूनही रक्तात उतरते, रक्तवाहिन्या सैल करते आणि डोक्यातल्या वाहिन्या फुगल्या की ठणका सुरू होतो, हे त्याचे कारण. भारतात नायट्रोग्लिसरीनवर आधारलेल्या स्फोटकांवर २००४ मध्ये बंदी आली आणि विहिरींच्या कामात वेगळी मिश्रणे आली, तरी लोकांच्या तोंडी त्यांचे नाव जिलेटिनच राहिले आहे.

ज्या गुणाने डोके ठणकते त्याच गुणाने छातीतली कळ थांबेल, हे ओळखायला तीन दशके लागली. वाट आधी एका नायट्राइटने दाखवली: एडिंबरोच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टर लॉडर ब्रंटन यांनी १८६७ मध्ये अमाइल नायट्राइट हा उडून जाणारा द्रव कापडावर टाकून रुग्णाला हुंगवला, चेहरा लाल झाला आणि मिनिटाभरात कळ गेली, पण हा आराम थोडाच वेळ टिकत असे. मग १८७८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनचे अल्कोहोलातले शेकडा १ प्रमाणाचे द्रावण घेतले आणि बाटलीचे ओले बूच सहज जिभेला लावले. पुढचा रुग्ण तपासायला घेताघेताच त्यांच्या हृदयाचे ठोके इतके जोराने पडू लागले की प्रत्येक ठोक्यासरशी हातातली लेखणी हिसका खाई. त्यांनी स्वतःवर पुनःपुन्हा, नंतर इतर अनेकांवर, अत्यल्प मात्रेत प्रयोग केले आणि १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले निष्कर्ष छापले. या औषधाचा खरा शोध मरेल यांच्याच नावावर जावा, कारण द्रव्य इतरांना ठाऊक होते, मात्रा त्यांनी शोधली. आणि ज्या औषधाचा थेंब जीव वाचवतो व घोट रक्तदाब कोसळवतो त्याच्या बाबतीत मात्रा हाच शोध असतो.

नावाचीही एक कथा आहे. होमिओपॅथीचे पुरस्कर्ते कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी फिलाडेल्फियात मरेल यांच्याही आधी या द्रवाला ‘ग्लोनॉईन’ म्हटले होते आणि उन्हाने डोके दुखल्यावर देण्याची ग्लोनॉईनची कुपी मराठी घरांतील होमिओपॅथीच्या पेटीत आजही सापडते. डॉक्टरी औषधाला ‘ट्रायनायट्रिन’ असे सौम्य नाव मिळाले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १८९६ मध्ये, खुद्द नोबेल यांना हेच औषध सुचवण्यात आले तेव्हा त्यांनी एका पत्रात लिहिले की औषधविक्रेत्यांनी आणि लोकांनी घाबरू नये म्हणून त्याचे नाव बदलले आहे. भारतात जिभेखाली ठेवायला आज अधिक चालते ते याचे भावंड, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, जे सहज उडून जात नाही. त्याचे ‘सॉर्बिट्रेट’ हे एका कंपनीचे नाव लोकांत इतके मुरले आहे की दुसऱ्या कंपनीची पट्टी हातात असली तरी घरात तिला सॉर्बिट्रेटच म्हणतात.

या गोळीबरोबर सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक सूचनेमागे असाच अनुभव आहे. गोळी गिळली तर आतड्यातून ती आधी यकृतात जाते आणि तेथे तिचा मोठा भाग निकामी होतो. जिभेखाली विरघळली तर ती थेट रक्तात शिरून काही मिनिटांत काम करते. जिभेखाली चुरचुर, कानशिलांत ऊब आणि कपाळात ठोके जाणवणे ही अपेक्षित लक्षणे आहेत, त्यांना घाबरून गोळी थुंकून टाकू नये. सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी सूचना मात्र बसण्याची आहे. पायांतल्या शिरा सैल पडून रक्त खाली साठते, रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस चक्कर येऊन कोसळतो. बांधावर किंवा घाटवाटेवर कोसळणे म्हणजे एका दुखण्यावर दुसरे ओढवून घेणे, म्हणून आधी खाली टेकायचे आणि मग गोळी. मोहाची दारू पोटात असेल तर दाब अधिकच उतरतो. म्हणूनच डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली त्यानेच ती घ्यावी, शेजाऱ्याच्या छातीत दुखले म्हणून आपल्या पट्टीतली काढून देऊ नये.

कळ येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या नायट्रेटचा, म्हणजे याच गटातल्या औषधांचा, धडा स्फोटकांच्या कारखान्यांनी दिला. तेथील कामगारांचे डोके सोमवारी ठणके, दोन-तीन दिवसांत शरीर सरावले की थांबे, आणि रविवारच्या सुटीनंतर पुन्हा सुरू होई. या सोमवारच्या डोकेदुखीच्या भीतीने काही जण सुटीतही टोपीच्या पट्टीत थोडे द्रव्य खोचून ठेवत. शरीर औषधाला सरावते आणि काही तासांच्या खंडाने तो सराव मोडतो, हे त्यातून कळले. १९८० च्या दशकात दिवसभर कातडीवर चिकटवायच्या नायट्रेटच्या पट्ट्या निघाल्या, तेव्हा सतत मिळणारे औषध एका दिवसातच निष्प्रभ होते हे दिसले आणि रोज ठरावीक तास शरीर नायट्रेटमुक्त ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळेच आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या साध्या गोळ्या पुष्कळदा सकाळी आणि मग सुमारे ७ तासांनी दुपारी घ्यायला सांगतात. मराठी घरात दोन वेळा म्हणजे ‘सकाळ-संध्याकाळ’ हे गृहीतच असते, आणि या एका औषधापुरते ते गृहीत चुकते. दुपारची गोळी रात्री ढकलली की मधला खंड नाहीसा होतो.

त्या कारखान्यांनी आणखी गंभीर गोष्टही दाखवली. काही कामगारांना सुटीच्या दिवशीच छातीत कळा आल्या, काही दगावले, कारण सरावलेल्या वाहिन्या द्रव्य अचानक तुटताच आवळल्या गेल्या. सुरगाण्याच्या संदर्भात हे मुद्दाम ध्यानात घ्यायला हवे, कारण येथील अनेक कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला जातात आणि महिनाभराची औषधे मुक्काम हलवताना मधेच संपतात. रोजचे नायट्रेट एकाएकी बंद न करता निघण्यापूर्वीच पुरेशा गोळ्या सोबत घेणे, हा त्या हंगामाच्या तयारीचा भाग आहे.

हे औषध नेमके काय करते ते १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवायला सुरुवात केली: नायट्रेटमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो वाहिन्यांच्या स्नायूंना सैल होण्याचा संदेश देतो. मुराद, रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांना यासाठी १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सिल्डेनाफिल हे पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील औषध बाजारात आले. ते याच संदेशाला लांबवते, म्हणून ते घेतल्यापासून २४ तास, आणि टाडालाफिल घेतले असेल तर ४८ तास, नायट्रेट घेतल्यास रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. संकोचापोटी ही माहिती डॉक्टरांपासून लपते. बाजारात ‘जडीबुटीची ताकदीची पूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालात हेच औषध मिसळलेले आढळले आहे, हे ठाऊक असणे म्हणून जरुरीचे आहे.

नायट्रोग्लिसरीनची गोळी हवेत उडते आणि प्लास्टिकमध्ये जिरते, म्हणून ती मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवायची. डायनायट्रेट अधिक टिकाऊ असले तरी सुरगाण्याच्या पावसाळ्यात कमरेच्या बटव्यात सुटी टाकलेली गोळी ओलीने भुगा होते, पट्टीत राहिलेली टिकते.

सुरगाण्यात ग्रामीण रुग्णालय आहे, बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे अशा गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, आणि तालुक्याच्या गावापासून नाशिक सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. रस्ता न पोचलेल्या पाड्यावरून रुग्णाला अजूनही बांबूच्या डोलीत उचलून आणावे लागते. एका गोळीने ५ मिनिटांत कळ ओसरली नाही तर गाडी बोलवावी, हा नियम जेथे गाडी थोड्या वेळात दाराशी येते तेथे बसवलेला आहे. पाड्यावर, नेहमीपेक्षा वेगळी किंवा बसल्याजागी आलेली कळ असेल, घाम फुटला असेल, तर ती ५ मिनिटेही न थांबता गोळी ठेवतानाच १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन लावणे आणि डोलीची माणसे हाकारणे अधिक शहाणपणाचे, कारण धमनी पूर्ण बंद पडली असेल तर ही गोळी ती उघडत नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या या गाडीतल्या डॉक्टरला सर्वांत आधी विचारायचे असते ते एवढेच की कळ केव्हा सुरू झाली, जिभेखाली किती गोळ्या गेल्या आणि शेवटची केव्हा ठेवली.